मागच्या सीटपर्यंतचा वारा

आमच्या घरात वयाचा मान दोघींनाच मिळतो. एक माझी आई आणि दुसरी वडिलांची जुनी गाडी. दोघींचा स्वभावही एकच. मनात आलं तर घाट चढून जातील, नाही आलं तर उंबऱ्यातून हलणार नाहीत, आणि नेमकं काय दुखतंय ते विचारून विचारून तोंड दुखलं तरी सांगणार नाहीत. यंदाच्या उन्हाळ्यात दोघींनी मिळून मला जेरीला आणलं.

गाडी गोल नाकाची, गोल दिव्यांची, पोट सुटलेली. पूर्वी तालुक्याला, म्हणजे जोयड्याला, कुणी मोठा साहेब आला की तो असल्या गाडीतून उतरायचा. वडिलांनी ती बेळगावातून जुनीच आणली, रामनगरातल्या आमच्या दुकानासमोर उभी केली आणि पुढे उभ्या आयुष्यात जेवढं दुकान पुसलं नसेल तेवढी ती पुसली. मी एकुलती एक. वडील गेल्यावर दुकान आणि गाडी दोन्ही माझ्या वाट्याला आली आणि दोन्ही मीच चालवते. माझे यजमान निवृत्त शिक्षक. सगळं रामनगर त्यांना मास्तर म्हणतं, म्हणून मीही मास्तरच म्हणते. त्यांना गाडीतलं फक्त बसणं येतं, पण बसतात मात्र मन लावून.

एवढ्या जुन्या गाडीला एसी कुठला असायला? तो मी मागाहून बसवून घेतला. डॅशबोर्डच्या खाली, शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी एक काळी पेटी आहे. पेटीच्या बुडाला एक आडवं उघडं तोंड आहे, तिथून गाडीतली हवा आत ओढली जाते. आत पंखा, म्हणजे ब्लोअर. त्याच्या पुढे गार नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची कॉइल. त्यातून वारा जातो आणि गार होऊन समोरच्या झडपांतून बाहेर येतो. बास, एवढंच यंत्र. आमच्या मिस्त्रीला विचाराल तर तो यात आणखी बरंच काही सांगेल, पण त्याचं सांगणं म्हणजे नमनाला घडाभर तेल.

हा एसी मी हौसेसाठी बसवला नव्हता, आईसाठी बसवला होता. आईला गाडी लागते. बसचं नाव काढलं तरी तिचा चेहरा पांढरा पडतो. काचा उघड्या ठेवल्या तर धुळीनं दम लागतो, बंद ठेवल्या तर उष्म्यानं जीव घाबरा होतो. तोंडावर गार वारा येत राहिला तरच ती तग धरते. गेल्या उन्हाळ्यात याच गाडीतून तिला खानापूरला लग्नाला नेलं होतं, तेव्हा ती मागच्या सीटवर मांडी घालून थेट मांडवापर्यंत गप्पा मारत आली होती.

आणि यंदा तिला न्यायचं होतं कॅसलरॉकला, तिच्या धाकट्या बहिणीकडे. मावशीचे यजमान रेल्वेत होते, त्यामुळे मावशीचा संसार सगळा स्टेशनाजवळ झाला. तिचा पाय मोडल्यापासून ती वॉकर धरून घरातल्या घरात फिरते. आईचे गुडघे रेल्वेच्या डब्यात चढू देत नाहीत. रामनगर आणि कॅसलरॉक म्हणजे हाकेचं नाही म्हटलं तरी एका पानसुपारीचं अंतर, पण दोघी बहिणींची भेट व्हायची ती फोनवर, आणि कॅसलरॉकचा फोन म्हणजे "हॅलो, हॅलो" आणि मग जंगल. अशात मावशीच्या मुलानं पुण्याहून कळवलं की मृगाच्या आत येतो, मावशीला कायमची घेऊन जातो, इथल्या घराला कुलूप लावतो. चांगला मुलगा आहे, त्याचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण आईनं ते ऐकलं आणि फोन खाली ठेवून म्हणाली, "पुण्याला गेली म्हंजे झालंच की. आता कुठली गाठ?" एवढंच म्हणाली आणि वाती वळायला बसली. त्या दिवशी तिनं इतक्या वाती वळल्या की गावातल्या सगळ्या देवांना पुरल्या असत्या.

मी म्हटलं, गाडी आहे, एसी आहे, मी आहे. घाबरायचं काय कारण?

कारण दुसऱ्याच दिवशी कळलं. आमच्याकडे पावसाळा म्हणजे मृगापासून दसऱ्यापर्यंत गाडी पत्र्याच्या शेडमध्ये कापड पांघरून झोपते. पुढे थंडीत एसीला कोण विचारतं? त्यामुळे जवळजवळ वर्षानं मी त्याचं बटण दाबलं. पहिल्यांदा बरा फुंकला. मग हळूहळू वारा असा मलूल झाला की झडपेला हात लावला तरच कळावं, हो, आत कुणीतरी जिवंत आहे. गारवा होता, पण वारा नव्हता. आणि एक कडवट, उग्र वास होता.

मास्तर म्हणाले, "वायर जळतेय."

मिस्त्री आला. बॉनेटमध्ये डोकं घालायच्या आधीच त्यानं निदान केलं. "ताई, गॅस संपलाय बघा. वासबी त्योच."

"गॅस संपला असता तर वारा गरम आला असता," मी म्हटलं. "हा गार येतोय. फक्त येत नाही."

"गार येतोय आन् येत न्हाई, ह्ये कसं काय?"

"तेच तर तुला बोलावून विचारतेय!"

माझा आवाज चढला की दुकानातलं गिऱ्हाईक आपोआप बाहेर येऊन बघायला लागतं. मी मिस्त्रीला पुढच्या जाड नळीला हात लावायला सांगितला. नळी बर्फासारखी गार, वर घामाचे थेंब. गॅस आपल्या जागी होता. मिस्त्रीनं तोंड वाकडं करून ते कबूल केलं, आणि एकदा कबूल केल्यावर मात्र तो पदर खोचून कामाला लागावं तसा लागला. हा त्याचा गुण आहे. चुकतो मोठ्यानं, पण रुसून बसत नाही.

आता वारा मोजायचा कशानं? मिस्त्री हातानं मोजत होता, मास्तर वहीचा कागद धरत होते आणि प्रत्येकाचं मत वेगळं. शेवटी आईनं मार्ग काढला. तिनं कापसाची एक लांब वात वळली, दोऱ्याला बांधली, आणि दोरा मागच्या सीटच्या वर छताच्या कडीला अडकवून स्वतः खाली मांडी घालून बसली. म्हणाली, "वात हलली की म्या सांगतो. मागं वारं आलं तरच माझ्या कामाचं. पुढं तुमी कितीबी गार व्हा."

मग आमचा तो खेळच झाला. मी पुढे बटण फिरवायची आणि ओरडायची, "हलली?"

"न्हाई. हाय तशीच हाय."

पहिल्यांदा आम्ही ब्लोअरची वीज बघितली. जुन्या गाडीची जुनी वायर, गंजलेलं टोक. पंख्याला पुरती वीज पोहोचत नसेल, असा माझा कयास. मिस्त्रीनं बॅटरीपासून नवी वायर ओढली. पंखा असा गरजायला लागला की शेजारचं कुत्रं उठून दूर जाऊन बसलं.

"हलली?"

"आवाज लई येतोय. वारं न्हाई."

आमच्या भावकीत असे दोन-तीन जण आहेत, त्यामुळे मला त्याचं नवल वाटलं नाही.

मग झडपा काढल्या. त्यांच्या मागच्या नळ्या दुमडल्या असतील म्हणून त्या सरळ केल्या. एका नळीत मास्तरांचं हरवलेलं पेन निघालं. मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांच्यापुरतं काम संपलंच होतं. वात काही हलली नाही. त्यानंतर मिस्त्री पेटीच्या बुडाशी आडवा झाला, हवा आत जाते त्या तोंडात बोटं घालून बघितलं. तोंड साफ होतं. खालच्या मॅटवर वाळक्या पानाचा चुरा पडला होता, तो मी चपलांबरोबर आला असेल म्हणून झाडून टाकला. जंगलातल्या गावात मॅटवर पानाचा चुरा पडला तर त्याची चौकशी कोण करतं?

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात घुमत राहिली. सुरुवातीला वारा बरा असायचा, मग कमी कमी व्हायचा, आणि एसी बंद करून चहा घेऊन परत यावं तर मॅटवर पाण्याचं तळं. चहाचा कप हातात घेऊनच मी मिस्त्रीला म्हटलं, "अरे, आत बर्फ धरतोय. कॉइलवरून वारा जातच नाही, म्हणून ती गोठते. गोठली की उरलासुरला वाराही बंद. बंद केलं की वितळतं." मिस्त्रीनं बशी खाली ठेवली. "म्हंजे कॉइलच्या तोंडालाच कायतरी बसलंय. पेटी फोडाय लागतीया."

पेटी उघडायची म्हणजे अर्धा डॅशबोर्ड मोकळा करायचा. मावशीचा मुलगा परवाच्या रेल्वेनं येणार होता आणि लगेच परतीच्या गाडीनं तिला घेऊन निघणार होता. उघडलेली पेटी उद्याच्या आत बंद झाली नाही तर भेट राहिलीच. मी आईकडे बघितलं. ती मागच्या सीटवरून वातीकडे बघत होती, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू नव्हतं. "न्हाई जमलं तर ऱ्हाऊ दे गं," ती म्हणाली. "लई तरास झाला तुला." आई जेव्हा असं समजूतदार बोलते ना, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. ती भांडते तेव्हा बरं असतं. मी मिस्त्रीला म्हटलं, फोड.

स्क्रू निघाले, पट्ट्या निघाल्या, पेटीचं झाकण निघालं. आत बघितलं आणि आम्ही तिघंही आणखी खाली वाकलो. कॉइलच्या सबंध तोंडावर एक हिरवट-करडी गोधडी पसरली होती. ओल्या चुऱ्याची, चांगली बोटभर जाड, थापून बसवल्यासारखी. पंख्याच्या पात्यांतही तेच भरलेलं. आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावं.

"उंदराचं घर," मिस्त्री म्हणाला.

"उंदीर एवढं सारवून घेतो होय?" मास्तर म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं हे एकच वाक्य कामाचं होतं.

मी त्या गोधडीतून एक काडी ओढून काढली. काडीला पाच बोटांसारखं पान अजून शिल्लक होतं. एवढ्यात गुडघे धरत आई गाडीतून उतरली, पुढे आली, वाकून बघितलं आणि आनंदानं म्हणाली, "अगं बाई, ही तर माझी निरगुडी!"

"तुझी म्हणजे?"

"म्हंजे माझी. गेल्या पावसाच्या आधी म्याच घातल्याली."

आमच्याकडे भात साठवायच्या मोठ्या कणगीत निरगुडीचा पाला घालतात. त्या वासानं किडामुंगी जवळ येत नाही, उंदीरही तोंड फिरवतो असं म्हणतात. आई गुंद गावची, तिथं जंगलाच्या कुशीतल्या घरात तिची लग्नाआधीची सगळी वर्षं हाच पाला घालण्यात गेली. त्या आधीच्या पावसाळ्यात उंदरांनी गाडीची वायर कुरतडली होती आणि मी मोठा आकांत केला होता, तो तिच्या लक्षात राहिला. म्हणून मी गाडीवर कापड घालायच्या आदल्या दिवशी तिनं निरगुडीच्या डहाळ्या तोडून आणल्या आणि पेटीच्या त्या तोंडात गच्च कोंबल्या. वर्षभरात त्या वाळून चुरल्या आणि मी बटण दाबताच पंख्यानं तो चुरा आत ओढून कॉइलवर थापला.

"पण त्याच तोंडात का घातलीस?" मी कपाळावर हात मारून विचारलं.

"मग कुठं घालू? कणगीलाबी तोंडालाच घालत्यात. जिथनं वारं आत जातंय तिथनंच उंदीर आत जातंय, व्हय का न्हाई? आन् वायर खाल्ली का उंदरानं? सांग की."

वायर खाल्ली नव्हती हे खरं होतं. मिस्त्री हसता हसता पेटीवर आपटला. मला आधी राग आला, मग त्या रागाचंच हसू आलं, आणि मग आम्ही सगळे असे हसत सुटलो की दुकानात आलेली बाई काही न घेताच आमच्यात हसायला येऊन उभी राहिली. ती का हसतेय हे तिलाही माहीत नव्हतं. मी आईला म्हटलं, "एवढा वास सुटला होता, मागे बसून तुला कळलं कसं नाही?" आणि म्हणता क्षणी जीभ चावली. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या तापात आईच्या नाकाचा वास गेला तो परत आलाच नाही. फोडणी करपली तरी तिला आम्ही सांगतो. ती मात्र बिनघोर म्हणाली, "मला काय कळतंय? नाक नुसतं चष्मा ठेवाय हाय."

मग धुलाई. पंख्याच्या पात्यांतला चुरा जुन्या टूथब्रशनं काढायचं काम मास्तरांनी घेतलं आणि विद्यार्थ्याचा निबंध तपासावा तसं एकेक पातं तपासलं. कॉइलचे पत्रे कागदासारखे पातळ, जोर लावला की वाकतात. ती गोधडी बोटांनी हलके सोलून काढली, मग दुकानातल्या फवारणीच्या पंपानं मागच्या बाजूनं पाणी मारलं, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं बाहेर. पाणी जायची नळीही चुऱ्यानं तुंबली होती, ती तारेनं मोकळी केली. दिवे लागायच्या सुमाराला पेटी पुन्हा जागेवर बसली. मी बटण दाबायच्या आधी आई मागे जाऊन बसली आणि तिनं नवी वात अडकवली, जुनी दमली असेल म्हणून.

"हलली?"

मी वळून बघितलं. वात आडवी झाली होती, मागच्या काचेकडे तोंड करून फडफडत होती, आईचे पांढरे केस कपाळावरून मागे उडत होते आणि ती डोळे मिटून बसली होती.

"हलली व्हय," ती म्हणाली. "चांगली नाचाय लागलीया."

वास काही गेला नाही. पत्र्यांच्या फटीफटीत तो मुरला होता. मिस्त्री म्हणाला, उद्या सकाळी गुलाबाच्या वासाची बाटली आणून लावतो. मी म्हटलं, सकाळी मी निघतेय, तुझा गुलाब तुझ्याकडेच ठेव.

अनमोडच्या रस्त्यानं निघून कॅसलरॉकच्या फाट्याला वळलो तरी मागून गप्पा चालूच होत्या. आई एकदाही "थांब गं" म्हणाली नाही. मास्तर पुढे पुन्हा पुन्हा शिंकत होते, निरगुडीचा वारा थेट त्यांच्या नाकात जात होता. मी आरशात आईला बघत होते आणि गाडी चालवताना गुणगुणत होते, जे मी एरवी करत नाही, कारण माझा आवाज ब्लोअरसारखाच आहे.

मावशी वॉकर धरून फाटकापर्यंत आली होती. मी आईला उतरवायला मागचं दार उघडलं, तर मावशीनंच वॉकर माझ्या हातात दिला. "लई काहिली होतीया बाहीर. जरा टेकतो आत," असं म्हणून ती आईशेजारी सरकली आणि दार ओढून घेतलं. ओढलं ते ओढलंच. दोघींनी एकमेकींचे हात धरले, कोण किती वाळलं यावर थोडं भांडण झालं, आणि घरात जायचं नाव कुणीच काढेना. मास्तर उतरून व्हरांड्यात जाऊन बसले. मी पुढच्या सीटवर इंजिन चालू ठेवून बसले, जुन्या गाडीला तसं सोडून जाता येत नाही. मावशीच्या शेजारणीनं चहा काचेतून आत दिला.

कप रिकामा करून मावशी थांबली. नाक वर करून तिनं हवा ओढली, एकदा, दोनदा.

"अक्का, ह्यो वास कसला गं?"

मी घाईनं मागे वळले. "मावशी, काही नाही, पाला अडकला होता आत. धुतलंय, पण जाईना. पुढच्या आठवड्यात..."

तिनं हात वर करून मला गप्प केलं. तिचे डोळे भरले होते. "आईच्या कणगीचा वास हाय ह्यो. गुंदच्या घरातला."

आई एकदम सरळ बसली. तिनंही नाक वर केलं, जोरात श्वास ओढला, आणि मग मान हलवली. "मला न्हाई गं येत बाय. माझं नाक गेलंय न्हवं का? तू सांग. कसा येतोय?"

आणि मावशी सांगायला लागली. वास कडू आहे, आधी नाकात टोचतो. मग मागून भाताची धूळ. मग शेणानं सारवलेल्या कणगीची बाहेरची अंगं. कणगीतलं भात तळाला गेलं की धाकटीला उलटी आत सोडायचे आणि थोरली तिचे पाय धरायची. आत काळोख, आणि सगळीकडे निरगुडी.

"आन् तू सोडलंस माझं पाय," मावशी म्हणाली. "मी डोक्यावर पडले."

"म्या न्हाई सोडलं! तू शिंकलीस म्हणून निसटलीस!"

"सोडलंस!"

"शिंकलीस!"

त्या दोघी पोरी झाल्या होत्या. भांडत होत्या, डोळे पुसत होत्या, आणि मध्येच मावशी श्वास घेऊन आणखी काहीतरी सांगायची: चुलीची बाजू, मागच्या दाराची बाजू, त्यांच्या आईचा पदर. आई एकेका शब्दाला "व्हय, व्हय" म्हणत ते आत घेत होती. मी समोर बघत बसले. मला रडू येत होतं आणि फार बरं वाटत होतं. जेवणही त्यांनी गाडीतच केलं, ताटं मांडीवर घेऊन.

उन्हं उतरल्यावर मावशी वॉकर धरून गाडीबाहेर आली आणि आम्ही निघालो. फाटकात उभी राहून ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. आई तिच्या अर्ध्या सीटवर बसली होती, दुसरी अर्धी रिकामी ठेवून. फाट्याजवळ आलो तेव्हा झाडांतून गार झुळूक येत होती, आता एसीची गरज नव्हती. मी काच खाली करायला हात लावला.

"वास हाय का गं अजून?" मागून आईनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"मग काच उघडू नगो."